बाईंनी मलाच का सांगितलं

आधार केंद्रातल्या मशीनवर बाईंचा अंगठा उमटेना. तळेगाव ढमढेऱ्याला त्या दिवशी बाजार होता, केंद्रात गर्दी होती, आणि खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाईंना फार वेळ उभं राहता येत नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट मशीनजवळ सरकवलं. केंद्रवाल्यानं त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, काचेवर दाबून धरला. लाल दिवा. पुन्हा पुसला, पुन्हा लाल. मागच्या रांगेतले एक आप्पा म्हणाले, आजीनं लई भाकरी थापल्यात, रेषा समद्या परातीत राहिल्या. लोक हसले, बाईही हसल्या. शेवटी केंद्रवाल्यानं डोळ्यांचा फोटो घेऊन काम भागवलं.

रिक्षात बसल्यावर मात्र बाईंचं हसू गेलं. वस्तीवर येईपर्यंत उजव्या हातानं डावा अंगठा चोळत होत्या.

मी किनवटकडची. आमच्या गावात आठवीपर्यंत शाळा होती. नववीसाठी ओढा ओलांडून सहा किलोमीटर जावं लागायचं, आणि त्याच वर्षी आईचं पोटाचं दुखणं निघालं. शाळा सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी मावशीबरोबर रेल्वेनं दौंडला उतरले. मावशी रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला होती, तिनं मलाही तिथं चिकटवलं. वर्षभरानं ती गावी परतली आणि मी राहिले. एकट्या पोरीला खोली कोणी देईना. कुणाच्या तरी ओळखीतून बाईंच्या घरी आले. बाई अंगणात पडल्या होत्या, त्यांना उठवायला-बसवायला चोवीस तास घरात माणूस हवं होतं. मला छप्पर हवं होतं.

घरात तीनच माणसं. बाई, त्यांचा मुलगा, त्यांना मी दादा म्हणायचे, आणि सून, त्यांना ताई. आईला बाई म्हणायची त्या घरातली रीत, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. उसाच्या रानात बांधलेला नवा बंगला, मागं विहीर, पुढं ट्रॅक्टरचं शेड. मला कधी वेगळं ताट मिळालं नाही. डेंग्यू झाला तेव्हा दादांनी स्वतःच्या गाडीतून शिरूरला नेऊन मला ॲडमिट केलं आणि ताईंनी आठ दिवस डबा पाठवला. गावाकडं असते तर त्या तापात गेले असते, हे मी आजही म्हणते.

पण उपकार वेगळे आणि सोबत वेगळी. मी 'काय करायलीस' म्हटलं की ताईंना हसू यायचं. त्या कौतुकानंच हसायच्या, शेजारणीला बोलावून म्हणायच्या, ऐक गं, आमची पोर कशी बोलती. मला शरम वाटायची. हळूहळू मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले. मग एकदा फोनवर आई म्हणाली, तू पाहुण्यासारखी बोलायलीस गं. त्यानंतर मी आईशी बोलताना शब्द निवडायला लागले आणि ताईंशी बोलताना तर निवडतच होते. न निवडता बोलावं असं माणूस दोन्हीकडं उरलं नाही. त्यातल्या त्यात बाई होत्या. त्यांचे पाय चेपताना मी काहीही बडबडायचे, त्या हुं हुं करायच्या.

तर त्या दुपारी, आधार केंद्रातून आल्यावर, दादा रानात होते आणि ताई बाजारातच राहिल्या होत्या. मी बाईंना पडवीतल्या कॉटवर टेकवलं आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं. त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला.

"देवानं पुसला गं ह्यो."

मी म्हटलं, बाई, म्हातारपणी सगळ्यांचंच होतं तसं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी माझ्यासारखा वापरला नसंल. आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, छताकडं बघत, मधे न थांबता.

बाईंचे सासरे, म्हणजे आबा, वारले त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. आबांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा म्हणजे बाईंचे मालक. मुलगी दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. शेवटच्या दिवसांत आबांनी मुलाला आणि सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाले, विहिरीवरचं वरचं रान माझ्या लेकीला द्या. ते ऐकणारी दोघंच होती. आबा गेल्यावर मुलीला सांगितलं गेलं की आबा मरताना म्हणाले, तिचं लग्न थाटात लावलं, आता तिला काही देणं नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलं होतं, ते काढायला तिची हक्कसोड लागणार होती. आमच्याकडं काय, इकडं काय, बहिणी भावासाठी हक्क सोडतातच, साडी-चोळी घेऊन सोडतात. बाईंच्या नणंदेनंही कदाचित सोडला असता. पण तिचा नवरा नोकरीतला, कागद वाचणारा. तो तिला आडवा येईल ही भीती.

म्हणून मालक एक दिवस बाईंना म्हणाले, चल शिरूरला.

बाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि रजिस्टर ऑफिसच्या बाकावर बसल्या. तेव्हा फोटो काढत नव्हते. दोन ओळखीचे साक्षीदार उभे राहिले, हीच त्यांची बहीण म्हणाले. कारकुनानं नाव विचारलं. बाईंनी नणंदेचं नाव सांगितलं, नणंदेच्या बापाचं नाव सांगितलं, आणि शाई लावलेला अंगठा टेकवला.

"मंग स्टँडावर मालकांनी भेळ घेतली," बाई म्हणाल्या. "म्या खाल्ली. चांगली लागली. त्येच सारखं ध्यानात येतंय बघ."

मी तेलाची वाटी हातात धरून तशीच बसले होते. मी विचारलं की दादांना माहीत आहे का. नाही म्हणाल्या. मालकांनी मरेपर्यंत विषय काढला नाही, आणि पोराला कशाला सांगायचं, त्यानं वरच्या रानात एवढा बंगला बांधला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही बसलो होतो ती पडवी त्याच रानात होती.

मग मी विचारलं, "बाई, मलाच का सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत माया होती, खोटं नाही सांगत.

"तू हितं कुनाचीच न्हाईस, म्हनून."

एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या आणि त्यांना झोप लागली. कितीतरी दिवसांनी अशी गाढ लागली होती. मी वाटी उचलून आत गेले, ओट्याजवळ उभी राहिले. त्यांचं ओझं उतरलं होतं, आणि माझ्यावर चढलं होतं.

दौंडच्या आत्यांना मी ओळखत होते. घरात सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. दरवर्षी भाऊबीजेला यायच्या. भाऊ गेल्यावरही त्यांनी यायचं सोडलं नव्हतं, भाच्याला ओवाळायच्या. बारीक, ताठ, कमी बोलणाऱ्या. हॉलमध्ये आबांचा मोठा फोटो आहे, चंदनाच्या हाराचा. आत्या त्या फोटोसमोर कधी थांबायच्या नाहीत. एका वर्षी ताई म्हणाल्या, आत्या, आबांना हात जोडा की. तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, त्यांनी मला मोकळी केली, मी त्यांना केलं. तेव्हा मला ते वाक्य उद्धट वाटलं होतं.  एक बाई तीस वर्षं समजत होती की बापानं मरताना तिला नाकारलं. आणि ते खोटं आहे हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं. एक खुब्याचं हाड मोडलेली, ब्याऐंशी वर्षांची. दुसरी मी.

मी आईला फोन केला. आपल्या घरचं नाही, जुन्या कंपनीतल्या एका बाईचं आहे असं सांगून विचारलं. आई म्हणाली, ज्याचं मीठ खातो त्याच्या घरातलं झाकायचं असतं. मग जरा थांबून म्हणाली, कंपनीतली नाही ना गं ती? मी फोन ठेवला.

पोलिसांत जाऊन सांगावं असंही मनात आलं. पण तिथं काय सांगणार होते? एका म्हातारीनं झोप लागायच्या आधी मला काही सांगितलं, एवढंच. आणि समजा त्यांनी ऐकलं, तर जीप येईल, बाईंना उचलून नेतील, त्यांना तर बाथरूमपर्यंतही मी नेते.  मग दादांचा चेहरा समोर यायचा, दवाखान्याच्या काउंटरवर माझं नाव सांगून 'आमच्या घरची आहे' म्हणणारा. मी पोळ्या करपवायला लागले. ताईंनी विचारलं, घरची आठवण येती का. मी हो म्हटलं.

एक मार्ग होता. बाईंनी स्वतःच सांगावं. मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "म्या मेल्यावर सांग तिला. मंग कुनी मला काय करनार न्हाई."

मी म्हटलं, तुमच्या आधी आत्या गेल्या तर? बाईंनी तोंड फिरवलं. आणि तुम्ही गेल्यावर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल, हे मी विचारलं नाही. ते मनातच राहिलं.

त्या दिवाळीत आत्या आल्या नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला. भाऊबीज चुकली तरी माहेरची साडी चुकवायची नसते, म्हणून दादा म्हणाले, पोरीला पाठवू, एक दिवसाचं काम आहे. ताईंनी साडी, फराळाचा डबा, नारळ असं पिशवीत भरून दिलं. बाई कॉटवर बसल्या होत्या. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. जाऊ नको म्हणाल्या नाहीत.

जीपनं न्हावऱ्याला गेले, तिथून भीमेच्या पुलावरून चौफुला, चौफुल्याहून दौंडची एसटी. सगळ्या वाटेत मी स्वतःशी घोकत होते की नुसती साडी द्यायची आणि परतायचं. पाटसच्या पुढं गेल्यावर घोकणं बंद पडलं.

आत्यांचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. नवरा गेल्यापासून त्या तिथं एकट्याच राहायच्या. डोळ्याला काळा चष्मा. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं, साडीवरून हात फिरवला, काठ चांगला आहे म्हणाल्या. मग टेबलावरची वही ओढून त्यात लिहायला लागल्या. कोणी काय आणलं, आपण कुणाला काय दिलं, ते त्या लिहून ठेवायच्या. एका डोळ्यानं, सावकाश, पण अक्षर इतकं सुबक की मी बघतच राहिले. मी म्हटलं, आत्या, तुम्हाला लिहिता येतं?

त्या हसल्या. "न यायला काय झालं? चौथी पास हाय मी. आबांनी शिकवलं. धान्याच्या पोत्यांवर नाव घालायचं काम माझ्याकडं असायचं."

मला आधी कळलंच नाही की त्या बोलण्यात मला काय खटकलं. मग कळलं. रजिस्टर ऑफिसात अंगठा दिला होता. बाईंना सही येत नव्हती म्हणून अंगठा. आणि साक्षीदार, कागद लिहिणारा, कारकून, सख्खा भाऊ, इतक्या पुरुषांत एकालाही वाटलं नाही की ही सही करते का ते विचारावं. बाईमाणूस आहे म्हणजे अंगठाच असणार.

मी सांगितलं. जमिनीवर बसून सांगितलं, कारण खुर्चीवर बसून सांगवेना. बाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं, भेळेसकट.  बाहेरून मालगाडी गेली, तेवढा वेळ मी थांबले. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आबा काय म्हनाले म्हनालीस?"

मी म्हटलं, विहिरीवरचं वरचं रान माझ्या लेकीला द्या.

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. अंगठ्याचं, कागदाचं काहीच विचारलं नाही. मग उठून मोरीत गेल्या, बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं, हे मला माहीत होतं, पण मी उठले नाही.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. हे तुला कधी कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आषाढात. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, चार महिने तू माझ्या बापाला असंच दोषी ठेवलंस? मला वाटलं होतं त्या मला जवळ घेतील. खोटं कशाला, वाटेत मी तसं मनात रंगवलंही होतं. त्यांनी मला चहा दिला, फराळाचा तोच डबा उघडून पुढं केला, आणि विचारलं, हे सांगण्यात तुझं काय आहे. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

"तोंडावर सांगशील त्यांच्या?"

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला माझी त्या घरातली कॉट दिसत होती, उशीखाली ठेवलेला चार्जर दिसत होता.

पुढच्या पंधरवड्यात आत्यांनी शिरूरला जाऊन कागदाची नक्कल काढली. आपल्या एका शेजाऱ्याला सोबत नेलं, मला नाही. आणि एका सकाळी त्या वस्तीवर आल्या. मी बाईंची वेणी घालत होते. आत्या सरळ आत आल्या आणि नक्कल दादांच्या हातात दिली. दादांनी वाचली, पुन्हा वाचली, म्हणाले, आत्या, अंगठा आहे की तुमचा.

"मी सही करती रे," आत्या म्हणाल्या. "तुझ्या बारशाला आलेल्या भांड्यांवर नावं कुनी घातली?"

दादा खाली बसले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी नक्कल गुडघ्यावर ठेवली आणि हे काय आहे, कुणी सांगितलं, विचारलं. आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी कंगवा हातात घेऊन उभी होते. मी सांगितलं, बाईंनी मला सांगितलंय. तेवढंच सांगितलं. आत्या म्हणाल्या, पूर्ण सांग, मग मी पूर्ण सांगितलं. आबांचं वाक्यसुद्धा.

दादांनी आईला विचारलं, बाई, ही काय म्हणती?

बाईंची अर्धी वेणी सुटलेली होती. त्यांनी मुलाकडं बघितलं, मग बंगल्याच्या छताकडं.

"म्या काय बी बोलले न्हाई. पोरीचं डोस्कं फिरलंय."

ताई हळूच म्हणाल्या, तुला लेकीवानी ठेवली गं. दादांनी फक्त माझी पिशवी आणायला सांगितली. घाईत जे हाताला लागलं ते भरलं. आत्यांबरोबरच निघाले, दुसरं कुठं जाणार.  चौफुल्याला स्टँडवर उभं असताना त्यांनी माझा दंड धरला.

"अंगठ्याचं कागदात हाय. आबांचं कुठं बी न्हाई. ते तू ऐकलंस ना खरंच? का मला बरं वाटावं म्हनून लावलंस?"

मी आईची शपथ घेतली. त्यांनी दंड सोडला. पण मी बघितलं, तीन वेळा ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते आता नव्हतं. बाईंच्या एका 'न्हाई'नं ते काढून घेतलं होतं, आणि माझ्या शपथेनं परत येत नव्हतं.

आत्यांनी तक्रार दिली. माझा जबाब शिरूरला झाला. लिहिणाऱ्या हवालदारांनी विचारलं, बाई बोलल्या तेव्हा तिसरं कोण होतं. कोणी नव्हतं. तुम्हाला कामावरून काढलं म्हणून हे बोलताय का. मी म्हटलं, हे बोलले म्हणून काढलं. तुम्ही त्यांच्या कोण लागता. मी म्हटलं, कोणी नाही. शिक्षण विचारलं, आठवी. वय, पत्ता. पत्ता मला सांगता येईना, तेव्हा आत्यांचा दिला. बाहेर येऊन मी शिरूरच्या स्टँडावर बसले. समोर भेळेच्या गाड्या होत्या. भूक लागली होती, पण तिकडं जाववलं नाही.

आत्यांकडं तीन आठवडे राहिले. त्या नीट वागल्या, जेवू घातलं. पण मी समोर आले की त्या दुसरीकडं बघायच्या. मी त्यांच्या घरात आबांचा प्रश्न होऊन वावरत होते. कुरकुंभला एका औषध कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं तेव्हा आम्हा दोघींनाही सुटल्यासारखं झालं असणार. खोली दोघींबरोबर, एक बिहारची, एक ओडिशाची. आम्ही हिंदीत बोलतो, तिघींचीही मोडकी. त्यातल्या एकीनं एकदा विचारलं, तू घर क्यों छोड़ी. मी सांगितलं, बुखार आया था. का तसं सांगितलं, माहीत नाही.

रोज पहाटे पोहे करताना मी स्वतःला तेच विचारायचे. मी सांगितलं त्यातून कुणाचं काय झालं? बाईंना आता कोण उठवतं? दादा-ताईंना कोर्टाच्या चकरा. आत्यांना बाप मिळाला आणि पुन्हा हरवला. आणि तरी, गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं एकदाही आतून आलं नाही. हे मी चांगली आहे म्हणून म्हणत नाही. मला फक्त आठवायचं, आत्या फोटोसमोरून कशा न थांबता जायच्या.

मार्च असेल. ताईंचा फोन आला.  ताई म्हणाल्या, तुझी कापडं राहिलीत, मी माहेरी निघालेय, चौफुल्याला येऊन घेऊन जा.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून गेले. ताई बाकावर बसल्या होत्या. पिशवी त्यांनी आमच्या मधे ठेवली. माझे दोन ड्रेस, चार्जर, आईनं दिलेलं पांघरूण, सगळं धुऊन घडी घातलेलं. ताई वाळल्या होत्या. मी बाईंचं विचारलं. एक बाई ठेवलीय म्हणाल्या, पण बाईंना तिचा हात जड लागतो. 

नंतर त्यांनीच सांगितलं. गेल्या आठवड्यात पोलीस बाईंचा जबाब घ्यायला वस्तीवर आले होते, बाईंना नेता येत नाही म्हणून. दादांनी वकिलाला विचारून आधीच सांगून ठेवलं होतं, आठवत नाही एवढंच म्हण. बाई हो म्हणाल्या होत्या. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, आणि बाईंनी सगळं सांगितलं. पदर, बाक, साक्षीदार. पोरगी खरं बोलली म्हणाल्या. दादा बाहेर निघून गेले.

"आन् मग म्हनल्या, सासऱ्यांनी मरताना काय सांगितलं ते बी लिवा," ताई म्हणाल्या. "हवालदार म्हनले, आजी, त्याची केसला गरज न्हाई. तर ह्या काय ऐकंनात. लिवा म्हनते ना, तिला वाचता येतं. लिहून घेईपातूर पानी बी प्याल्या न्हाईत."

मी विचारलं, लिहिलं का त्यांनी? ताई म्हणाल्या, लिहिलं, मी समोर होते, वाचून बी दाखवलं. त्यांनी ते वाक्य मला सांगितलं, आणि ते तेच होतं, एका शब्दाचाही फरक नाही.

ताईंची गाडी लागली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, घरी ये असंही म्हणाल्या नाहीत. पायरीवर चढून फक्त म्हणाल्या, आत्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मला दुपारच्या जेवणापर्यंत कॅन्टीनला पोचायचं होतं. कुरकुंभची एसटी समोर उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. मी पिशवी काखेत मारली आणि त्याला विचारलं, दौंडची केव्हा आहे. तो म्हणाला, मागं उभी आहे ती, पण सुटायला वेळ आहे. मी जाऊन तिच्यात बसले.